मानसशास्त्राची पदवी : दोन विद्यापीठांतून निवड करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानसशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. पहिले जुने, मोठे आणि जागतिक क्रमवारीत वरचे आहे. तेथे पहिल्या वर्षाच्या वर्गात तीनशेच्या आसपास विद्यार्थी असतात. दुसरे लहान आणि फारसे परिचित नसलेले आहे. तेथे वर्गात साठ विद्यार्थी असतात आणि एक संपूर्ण सत्र बाहेरच्या संस्थेत प्रत्यक्ष काम करण्यासाठी राखून ठेवलेले आहे. पहिल्याची पदवी विज्ञान शाखेची, दुसऱ्याची कला शाखेची. प्रश्नकर्त्याला पुढे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचे आहे, पण त्या वाक्यात त्याने स्वतःच ‘बहुधा’ हा शब्द घातला आहे. घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे, त्याचा दुसऱ्याकडे.

मी चिकित्सालयीन क्षेत्रात काम करतो आणि पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी येणाऱ्या उमेदवारांच्या निवड समित्यांवर बरीच वर्षे बसलो आहे. त्यामुळे माझे उत्तर पदवीच्या सुरुवातीकडून नव्हे, तर तिच्या शेवटाकडून येते : पदवी संपल्यानंतर हा विद्यार्थी ज्या दारात उभा राहणार आहे, तेथे त्याच्याकडे काय मागितले जाते, आणि या दोन विभागांपैकी कोणता ते त्याला देऊ शकतो? विद्यापीठांची तुलना करण्यापेक्षा ही तुलना करणे सोपेही आहे आणि अधिक उपयोगाचेही.

सर्वांत आधी मान्यतेचा प्रश्न निकाली काढावा, कारण तेथे उत्तर प्रतिकूल असेल तर बाकी चर्चेला अर्थ राहत नाही. मानसशास्त्राची पहिली पदवी मिळाली म्हणून कोणी रुग्ण तपासणारा मानसशास्त्रज्ञ होत नाही. बहुतेक देशांत तिच्यापुढे आणखी काही वर्षांचे शिक्षण आणि पर्यवेक्षणाखालचे काम असते. मात्र पदवीचे वजन देशोदेशी वेगळे आहे. ब्रिटनमध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी पदवीच्या अभ्यासक्रमांनाच अधिमान्यता देते, आणि तशी पदवी नसेल तर चिकित्सालयीन डॉक्टरेटच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करण्यापूर्वी मानसशास्त्राचा पाया भरून काढणारा वेगळा रूपांतर-अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. ऑस्ट्रेलियातही पहिल्या पदवीपासूनच अधिमान्यता पाहिली जाते. अमेरिकेत परिस्थिती उलट आहे : अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन पहिल्या पदवीला अधिमान्यता देतच नाही, तिचे लक्ष पदवीनंतरच्या, मुख्यतः डॉक्टरेट पातळीवरच्या व्यावसायिक प्रशिक्षणावर असते, त्यामुळे एखाद्या अमेरिकी विद्यापीठाच्या जाहिरातीत पहिल्या पदवीसाठी असा दावा दिसला, तर सावध व्हावे. युरोपात ‘युरोसाय’ या प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण आणि त्यानंतर एक वर्षाचे पर्यवेक्षित काम अपेक्षित असते. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) होत आली आहे आणि ती पदव्युत्तर व्यावसायिक प्रशिक्षणाशी जोडलेली आहे.

म्हणून दोन्ही विभागांना एकच प्रश्न लेखी विचारावा : ज्या देशात मला काम करायचे आहे, तेथील पुढच्या प्रशिक्षणासाठी ही पदवी आहे त्या स्वरूपात चालते का, आणि मी कोणते ऐच्छिक विषय निवडले तर ती चालेनाशी होते? प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नये. मानसशास्त्राबरोबर गुन्हेशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा व्यवस्थापन जोडलेल्या संयुक्त पदव्या आकर्षक दिसतात. पण त्यांत मानसशास्त्राचा वाटा अपुरा ठरला, किंवा अंतिम प्रबंध दुसऱ्या विषयात केला, तर मान्यता हातची जाऊ शकते. अशा उमेदवारांना परत पाठवताना समितीतल्या कोणालाही आनंद होत नाही. तोंडी मिळालेल्या आश्वासनाला येथे किंमत नाही, मग ते देणारा माणूस कितीही भला असो.

कला की विज्ञान, या प्रश्नावर घरोघरी जेवढा वेळ जातो तेवढा जाऊ नये. विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली, ती तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकपदावर असताना. हा विषय जन्मापासूनच दोन्ही घरांत वाढलेला आहे. काही विद्यापीठांत एकाच विभागातून, जवळजवळ त्याच विषयांवर, दोन्ही नावांच्या पदव्या मिळतात. पदवीच्या नावापेक्षा गुणपत्रिकेत कोणत्या विषयांची नावे आणि किती श्रेयांक छापले जातात, हे पाहावे. पुढे मेंदूविज्ञानाकडे वळण्याचा विचार असेल तर विज्ञान शाखेत जीवशास्त्राची सोबत मिळते, हा फायदा मात्र खरा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मानसशास्त्राच्या दोन पदव्यांमधला खरा फरक संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र या दोन विषयांत असतो. बाकीचे विषय, म्हणजे सामाजिक, विकासात्मक, बोधात्मक (स्मृती, विचार यांचे), अपसामान्य (मनोविकारांचे) मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी सारख्याच पाठ्यपुस्तकांतून शिकवले जातात, आणि हुशार विद्यार्थी ते ग्रंथालयात बसूनही बऱ्याच प्रमाणात आत्मसात करू शकतो. पद्धतीचे तसे नाही. एखाद्या प्रश्नाचे मोजता येईल अशा गृहीतकात रूपांतर कसे करायचे, नमुना किती मोठा हवा, मिळालेला फरक योगायोगाचा नाही हे कशावरून म्हणायचे, आणि तो फरक रुग्णाच्या आयुष्यात जाणवण्याइतका मोठा आहे का, हे कोणाच्या तरी देखरेखीखाली चुका करत करतच शिकावे लागते.

हे आज अधिक महत्त्वाचे का झाले, तेही सांगतो. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका मोठ्या सहकारी प्रकल्पाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांनी मानसशास्त्रातील नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहज न येणारा, परिणाम नोंदवला होता. पुनरावृत्तीत तो केवळ ३६ टक्क्यांत सार्थक ठरला. या धक्क्यानंतर विषयाने स्वतःची कामाची रीत बदलायला घेतली : सामग्री (डेटा) गोळा करण्याआधी गृहीतक आणि विश्लेषणाचा आराखडा नोंदवून ठेवणे, सामग्री इतरांना खुली करणे, मोठे नमुने घेणे. या बदलाचे वारे आपल्या अभ्यासक्रमात येऊ देणारा विभाग आणि तीस वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून तेच प्रयोग सिद्ध सत्य म्हणून शिकवणारा विभाग, यांत मी पहिल्यालाच निवडेन, मग त्याच्या इमारतीला रंग लावलेला असो वा नसो.

हे बाहेरून ओळखायचे कसे? माहितीपुस्तिकेवरून नाही. तपशीलवार अभ्यासक्रम मागवावा आणि संख्याशास्त्र किती सत्रांत शिकवले जाते ते मोजावे. एकाच सत्रात सरासरीसारख्या सोप्या गोष्टीपासून प्रतिगमनासारख्या अवघड विश्लेषणापर्यंत धावत जाणारा विभाग आणि प्रत्येक वर्षी थोडे थोडे वाढवत नेणारा विभाग यांत मोठे अंतर आहे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर त्या अवश्य पाहाव्यात. प्रश्न ‘व्याख्या लिहा’ आणि ‘टीप लिहा’ असेच असतील तर तेथे पाठांतराला गुण आहेत. एखाद्या अभ्यासाचा गोषवारा देऊन त्यातले दोष शोधायला सांगितले असेल तर तेथे विचाराला गुण आहेत. विश्लेषण कोणत्या संगणकप्रणालीवर शिकवतात तेही विचारावे. ‘एसपीएसएस’ अजून सर्वत्र वापरले जाते आणि ते येणे चांगलेच; पण विद्यापीठ सोडल्यावर त्याचा परवाना विद्यार्थ्याच्या हाती राहत नाही, तर ‘आर’ आणि ‘जास्प’ विनामूल्य असल्याने सोबत येतात. जी मुले गणिताच्या भीतीने मानसशास्त्राकडे वळली आहेत, त्यांना हा परिच्छेद आवडणार नाही याची मला कल्पना आहे. मीही त्यांच्यातलाच एक होतो.

संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम चांगला असूनही सगळे मुसळ केरात जाण्याची एक जागा आहे, ती म्हणजे अंतिम वर्षाचा प्रबंध. प्रशिक्षणाच्या मुलाखतीत मी जवळजवळ प्रत्येकाला त्याच्या प्रबंधाबद्दल विचारतो, कारण पाठ केलेल्या उत्तरांचा तेथे उपयोग होत नाही. ज्याने स्वतः प्रश्न निवडला, संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित जपणाऱ्या नीतिसमितीकडे अर्ज केला, लोकांना भेटून सामग्री जमवली आणि अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष आल्यावर त्याचा अर्थ लावण्यासाठी रात्री जागवल्या, तो त्याविषयी वेगळ्या तऱ्हेने बोलतो. ज्याला तयार सामग्री आणि तयार विषय हाती दिला गेला, त्याला तिसऱ्याच प्रश्नाला थांबावे लागते. त्यात त्याचा दोष थोडा आणि विभागाचा जास्त असतो.

म्हणून दोन्ही विभागांना विचारावे : प्रबंध प्रत्येक विद्यार्थ्याला करता येतो की ठरावीक गुण असणाऱ्यांनाच? एकट्याने करायचा की गटात? एका मार्गदर्शकाकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात, आणि मार्गदर्शक विद्यार्थी निवडतो की विद्यार्थी मार्गदर्शक? नीतिसमितीची परवानगी मिळायला साधारण किती आठवडे लागतात? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण जेथे ही परवानगी रेंगाळते, तेथे विद्यार्थी रुग्णांचा किंवा लहान मुलांचा विषय सोडून देतात आणि शेवटी आपल्याच वर्गमित्रांना प्रश्नावली वाटून मोकळे होतात.

मोठ्या नावाच्या संदर्भात एक स्वतःचा अनुभव सांगण्याजोगा आहे. मी पदवीसाठी विभाग निवडला तो एका विख्यात प्राध्यापकांच्या ओढीने. पहिल्या वर्षी त्यांची तीन व्याख्याने झाली, दुसऱ्या वर्षी ते संशोधन रजेवर गेले, तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडे फक्त डॉक्टरेटचे विद्यार्थी होते. माझ्या प्रबंधाला मार्गदर्शन केले ते नुकत्याच रुजू झालेल्या, कोणालाही माहीत नसलेल्या एका बाईंनी, आणि आज मला जे काही नीट लिहिता येते ते त्यांनी लाल शाईने खोडलेल्या पानांमुळे. विभागाच्या संकेतस्थळावरची नामावली वाचताना, यांतील कोण पदवीच्या वर्गाला शिकवतो आणि कोण नावापुरता आहे, हे विचारायला मी तेव्हा हवे होते.

आता दुसऱ्या विद्यापीठाचे प्रत्यक्ष कामाचे सत्र. प्रश्नकर्त्याचे मन तिकडे ओढले जाते ते यामुळेच, असे दिसते. व्यावसायिक प्रशिक्षणात शास्त्र किती आणि सराव किती, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९४९ मध्ये बोल्डर येथे झालेल्या परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असला पाहिजे अशी भूमिका घेतली. १९७३ मध्ये व्हेल येथील परिषदेने सरावाला प्राधान्य देणाऱ्या शिक्षणालाही मान्यता दिली. पण हे दोन्ही वाद डॉक्टरेटच्या पातळीवरचे आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याने कोणावरही उपचार करणे अपेक्षित नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘थेट समुपदेशनाचा अनुभव’ देण्याचे आश्वासन हे माझ्या दृष्टीने आकर्षण नसून धोक्याची सूचना आहे. समोर बसलेल्या माणसाचे दुःख ही कोणाची शिकाऊ पाटी नव्हे.

तरीही असे सत्र नीट आखलेले असेल तर त्याची किंमत फार मोठी आहे. विशेष मुलांच्या शाळेत शिक्षकाच्या हाताखाली काम करणे, पुनर्वसन केंद्रात दैनंदिन कार्यक्रमांना मदत करणे, रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नोंदी आणि चाचण्यांचे गुणांकन शिकणे, यांतून विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतात : त्रासात असलेल्या माणसांच्या सहवासात आपण कसे वागतो, आणि हे काम आपल्याला रोज करायचे आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर तेही त्या सत्राचे यशच आहे. पदवीच्या पाचव्या सत्रात मिळालेला नकार नोकरीच्या पाचव्या वर्षी मिळालेल्या नकारापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

सत्र नीट आखलेले आहे की नाही, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे पर्यवेक्षण. संस्थेशी लेखी करार आहे का, की विद्यार्थ्याने स्वतःच जागा शोधायची आहे? तेथे त्याच्याकडे पाहणारी पात्र व्यक्ती कोण? आठवड्यातून एकदा तरी तो जे पाहतो आणि जे त्याला सलते, त्याविषयी कोणाशी बोलण्याची सोय आहे का? आधीच्या तुकडीतले विद्यार्थी कोठे गेले होते, याची यादी विभागाला चटकन देता आली पाहिजे. ती देताना टाळाटाळ झाली, किंवा यादीत कार्यालयांतली झेरॉक्स काढण्याची कामेच भरलेली निघाली, तर त्या सत्राच्या ओढीने निर्णय घेऊ नये.

मानसमापन चाचण्यांबद्दल एवढेच की विभागात चाचण्यांचा संग्रह कोणत्या आवृत्तीचा आहे ते एकदा पाहून घ्यावे. मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांची प्रौढांसाठीची बुद्धिमापन चाचणी आजच्या नावाने १९५५ मध्ये आली आणि तिच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आहेत. कपाटात कित्येक दशकांपूर्वीचे संच असतील तर विद्यार्थी त्यांवर चाचणी देण्याची रीत शिकेल, पण जुनी प्रमाणके (गुणांची तुलना ज्यांच्याशी करतात ते आकडे) वापरून काढलेल्या निष्कर्षांवर त्याने विसंबू नये, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

क्रमवारीवर घरच्यांचा भर आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे. ‘क्यूएस’ या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत, २०२४ च्या आवृत्तीपासूनच्या पद्धतीनुसार, ३० टक्के भार शैक्षणिक प्रतिष्ठेवर आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधील प्रतिष्ठेवर आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण लोकांच्या मताचे आहेत, आणि ते मत संपूर्ण विद्यापीठाविषयीचे आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्या नावलौकिकाची सावली मानसशास्त्र विभागावरही पडते. विषयवार क्रमवारी त्यापेक्षा बरी, पण तिचाही कल संशोधनाच्या प्रसिद्धीकडे असतो, पहिल्या वर्षाच्या वर्गात काय घडते याकडे नाही. नावाचा उपयोग नसतोच असे मात्र मी म्हणणार नाही. मानसशास्त्राबाहेर, उदाहरणार्थ मनुष्यबळ व्यवस्थापनात किंवा ग्राहक संशोधनात नोकरी शोधताना, अर्ज चाळणाऱ्याला विभाग माहीत नसतो आणि विद्यापीठाचे नाव माहीत असते. पदवीधरांपैकी पुष्कळ जण शेवटी याच क्षेत्रांत जातात, तेव्हा घरच्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

येथेच तो ‘बहुधा’ महत्त्वाचा ठरतो. अठराव्या वर्षी बहुतेकांना मानसशास्त्र म्हणजे समुपदेशन एवढेच दिसते, कारण बाहेरून तेवढेच दिसते. स्मृतीवर किंवा भाषेवर काम करणारी प्रयोगशाळा, लहान मुलांच्या विकासाचे दीर्घकालीन अभ्यास, संघटनांतील वर्तनाचे संशोधन, हे आत गेल्यावर भेटते. मोठ्या विभागात अशा वाटा अधिक असतात आणि मन बदलले तर विद्यापीठ बदलावे लागत नाही. लहान विभागात सहा अध्यापकांपैकी चार जण समुपदेशनाचेच असतील, तर इतर शाखा पाठ्यपुस्तकापुरत्या राहतात. लहान विद्यापीठाच्या अध्यापकांची यादी घेऊन प्रत्येकाचे संशोधन कशावर आहे एवढे पाहिले, तरी हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो.

याच अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट तपासता येते. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या प्रमुख नियतकालिकांचा आढावा घेतला, आणि २०१० मध्ये हेन्रिक, हाइने व नोरेन्झायन या संशोधकांनी त्याचा आधार घेऊन दाखवले की अभ्यासांतल्या ९६ टक्के सहभागी व्यक्ती जगाच्या १२ टक्के लोकसंख्या असलेल्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतल्या होत्या. ज्या समाजात विद्यार्थ्याला पुढे काम करायचे आहे, त्या समाजातल्या माणसांवर विभागातले कोणी संशोधन करते का, हे त्यामुळे विचारण्याजोगे आहे. परक्या समाजात ठरलेल्या निकषांवर आपल्या माणसांना तोलण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ लागतो.

वर्गातील संख्येला मी स्वतंत्रपणे फारसे महत्त्व देत नाही. तीनशेच्या सभागृहातले व्याख्यान उत्तम असू शकते. प्रश्न असतो तो त्यानंतर पंधरा-वीस जणांच्या गटात चर्चा आणि प्रात्यक्षिके होतात का, आणि लिहून दिलेले काम अभिप्रायासह परत येते का. साठांच्या वर्गातही वर्षभरात एकाही निबंधावर चार ओळींचा अभिप्राय न मिळण्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. याची खरी माहिती प्रवेश कार्यालयात मिळत नाही. दोन्ही ठिकाणच्या शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. ‘विद्यापीठ कसे आहे?’ असे विचारले तर ‘छान आहे’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘तुमचा शेवटचा निबंध परत किती दिवसांनी आला आणि त्यावर काय लिहिले होते?’ असे विचारावे.

एवढ्या माहितीनंतर माझा कल. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी पुढच्या प्रशिक्षणासाठी चालते असे लेखी उत्तर आले, आणि तेथे संख्याशास्त्र किमान तीन सत्रे असून प्रत्येकाला स्वतंत्र प्रबंध करावा लागत असेल, तर मी प्रश्नकर्त्याच्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाच्या बाजूने राहीन. पर्यवेक्षित सत्र ही मग त्यावरची मोठी जमेची बाजू आहे. या तीन अटींपैकी एक जरी तेथे पुरी होत नसेल तर पहिले घ्यावे, आणि प्रत्यक्ष कामाची उणीव सुट्ट्यांमध्ये एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून भरून काढावी. ती भरून काढता येते. संशोधन पद्धतीची उणीव सुट्टीत भरून निघालेली मी अद्याप पाहिलेली नाही. दोन्ही विभागांना प्रश्न आजच पाठवावेत, कारण प्रवेश निश्चित करण्याच्या मुदतीच्या आदल्या आठवड्यात विभागांच्या कार्यालयांत उत्तर द्यायला कोणाला सवड नसते.